आपले वाचनालय सगळ्यांना वापरता यावे म्हणून : पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्या कार्यकारिणीसाठी

महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या सार्वजनिक वाचनालयांची इमारत एकाच धाटणीची असते. खाली भाड्याने दिलेले गाळे, त्यांच्या बाजूने वर जाणारा अरुंद जिना, वर देवघेव विभाग आणि वाचनकक्ष. गाळ्यांच्या भाड्यावर संस्था तग धरते, त्यामुळे या रचनेमागची अडचण समजण्यासारखी आहे. पण ज्याला जिना चढवत नाही त्याचा वाचनालयाशी संबंध तिथेच संपतो. गुडघे धरलेले जुने सभासद हळूहळू वर्गणी भरायचे थांबतात. ते तक्रार करत नाहीत, त्यामुळे कार्यकारिणीला काही कळतही नाही. व्हीलचेअर वापरणारी मुलगी तर सभासद व्हायला कधी आलेलीच नसते.

मी आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. इमारत आणि पुस्तके सगळ्यांना वापरता यावीत यासाठीचे काम पहिल्या मोजमापापासून शेवटचे बिल चुकते होईपर्यंत केले आहे. माहिती मिळत होती, पण तुकड्यातुकड्यांत. कायदा एकीकडे, मापे दुसरीकडे, निधीचे नियम तिसरीकडे. आत आल्यावर माणूस वाचणार काय आणि कसे, याबद्दल तर कोणी बोलतच नव्हते. ते सगळे कामाच्या क्रमाने इथे मांडते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा : वाट अखंड हवी. बसथांब्यापासून निघालेला माणूस दारातून आत येतो, पुस्तक निवडतो, नोंद करतो, हवे तर बसून वाचतो, शौचालयाला जातो आणि घरी परततो. या वाटेत एका जागी जरी खंड पडला तरी बाकीचा खर्च वाया जातो. उत्तम रॅम्प बांधला आणि वर दाराला चार इंचांचा उंबरठा तसाच राहिला, तर तो रॅम्प फोटोपुरता उरतो. पुढची प्रत्येक पायरी याच कसोटीवर तपासा.

कामाला लागण्याआधी : तत्त्वे थोडक्यात

अमेरिकेतले वास्तुरचनाकार रॉन मेस स्वतः व्हीलचेअर वापरत. लहानपणी त्यांना पोलिओ झाला होता. सार्वत्रिक रचनेची, म्हणजे पहिल्यापासूनच सगळ्यांना वापरता येईल अशा रचनेची कल्पना त्यांनी मांडली आणि १९९७ साली नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातल्या गटाने तिची सात तत्त्वे तयार केली. ही तत्त्वे पाठ करायची गरज नाही. वाचनालयातल्या देवघेवीच्या टेबलापाशी उभे राहा, सातही तिथेच दिसतील.

टेबल सगळ्यांसाठी एकच हवे, ‘त्यांच्यासाठी’ कोपऱ्यात वेगळे नको. त्याचा एक भाग उभ्याने वापरण्याच्या उंचीचा आणि एक बसून वापरण्याच्या उंचीचा असावा. पुस्तक परत कुठे द्यायचे आणि नवे कुठे नोंदवायचे हे कोणाला न विचारता कळावे. परतीची तारीख शिक्क्याने उमटावी, तोंडी सांगितली जावी आणि हवी असल्यास मोबाइलवरही यावी. चुकीच्या खणात पुस्तक टाकले तरी काही बिघडू नये. जड खंड उचलून धरून रांगेत ताटकळावे लागू नये. आणि टेबलासमोर व्हीलचेअर वळवण्याइतकी, किंवा काठी आणि पिशवी दोन्ही सांभाळत उभे राहण्याइतकी मोकळी जागा असावी.

भारतातही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून २०११ साली आपल्या परिस्थितीला धरून पाच तत्त्वे पुढे आली : समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता, सुंदर. यातला ‘सस्ता’ लहान गावातल्या संस्थेला धीर देणारा आहे. ‘सांस्कृतिक’ किती कामाचा आहे ते पुढे चपलांच्या मुद्द्यात दिसेल.

१. ज्यांना वापरायचे आहे त्यांच्यासोबत वाट चाला

इंजिनियरला बोलावण्याआधी ही पायरी करा. गावात व्हीलचेअर किंवा तीनचाकी वापरणारे, पांढरी काठी वापरणारे, ऐकू न येणारे, कुबड्या किंवा कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) लावणारे लोक असतातच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद आहे, आणि २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार वाढवून २१ केले आहेत. शिवाय सत्तरीच्या पुढचे सभासद, गरोदर बाई, कडेवर मूल घेतलेला बाप, पाय प्लास्टरमध्ये असलेला महाविद्यालयीन मुलगा. या सगळ्यांची वाट एकच आहे.

चार-पाच जणांना आमंत्रण द्या, जाण्यायेण्याचा खर्च द्या आणि शक्य असेल तर मानधनही द्या. त्यांच्या अनुभवाला तज्ज्ञाचा मान आहे, तो तसाच वागवा. रस्त्यापासून सुरुवात करा आणि मध्ये समजावून सांगत बसू नका. ते कुठे थांबतात, कुठे हात टेकतात, कुठे कोणाला हाक मारावी लागते, हे लिहून घ्या.

अनेक ठिकाणी याऐवजी डोळस माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना फिरवतात. ते करू नये असे माझे ठाम मत आहे. पट्टी बांधलेला माणूस पहिल्या मिनिटाची भीती तेवढी अनुभवतो. वर्षानुवर्षे काठीने चालणाऱ्याला खरी अडचण कुठे येते, ते त्यातून कळत नाही. काठी भिंतीच्या कडेने पुढे जाते आणि छातीच्या उंचीवर बाहेर आलेली सूचनापेटी छातीला लागते, हे सांगायला काठीवाला माणूसच लागतो.

२. मापे घ्या आणि कागदावर उतरवा

लागणारे साहित्य :

- पाच मीटरची मोजपट्टी आणि एक लांब टेप
- गवंड्याकडची पाण्याची लेव्हल-नळी (रस्ता आणि जोते यांतला फरक काढायला)
- खडू, चौकटीची वही, मोबाइलचा कॅमेरा
- जमल्यास वापरातली एक व्हीलचेअर, कारण कागदावरचे माप आणि प्रत्यक्ष वळण यांत फरक पडतो

रस्त्यापासून जोत्याची उंची, प्रत्येक दाराची मोकळी रुंदी, उंबरठ्यांची उंची, रॅकमधले अंतर, टेबलांची उंची, शौचालयाची लांबी-रुंदी आणि बटणांची उंची मोजा. दार मोजताना चौकट मोजून चालत नाही. दार उघडल्यावर फळी आणि समोरची चौकट यांच्यामध्ये उरते ती जागा मोजा. ती ९० सेंटिमीटर हवी. जुन्या दुहेरी फळ्यांच्या दारात एकच फळी उघडी ठेवायची सवय असते आणि तिथे जेमतेम दीड-दोन फूट मिळतात. अशा ठिकाणी खर्च शून्य : दुसरी फळीही उघडा.

३. कायदा किती माहीत हवा

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा मुख्य कायदा. त्यातल्या सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही येतात, शैक्षणिक आणि सांस्कृतिक कामाच्यासुद्धा. त्यामुळे ‘आमची संस्था सरकारी नाही’ ही सबब टिकत नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याखालचे नियम आल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम २०१७ साली आले, म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली. नव्या इमारतीला तर या निकषांशिवाय पूर्णत्वाचा दाखला मिळू नये असे कलम ४४ सांगते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेबद्दलच्या राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही नियम बंधनकारकच हवेत.

मापांसाठी केंद्रीय गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाची २०२१ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे वापरा. ती मोफत मिळतात. ठेकेदाराशी करार करताना ‘काम या तत्त्वांप्रमाणे’ असे एक वाक्य घाला. पुढे वाद झाला तर हेच वाक्य उपयोगी पडते.

यानंतर कार्यकारिणीत ठराव करा. ठरावात ‘रॅम्प बांधणे’ एवढेच लिहू नका. ‘रस्त्यापासून वाचनकक्ष, देवघेव व शौचालयापर्यंत अखंड सुगम वाट करणे’ असे लिहा. नाहीतर रॅम्प झाला की विषय संपला असे धरले जाते आणि पुढच्या कामाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

४. दार आणि रॅम्प

सगळ्यांत जास्त पैसे इथे लागतात आणि सगळ्यांत जास्त फसगतही इथेच होते.

उताराचे प्रमाण जास्तीत जास्त १:१२. गवंड्याला हे इंच-फुटांत सांगा, लगेच कळते : एक इंच चढायला एक फूट लांबी. तुमचे जोते १८ इंच असेल तर उतार १८ फुटांचा, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा. म्हणजे एकूण २८ फूट. हा आकडा ऐकला की कार्यकारिणीत कोणीतरी म्हणणारच, ‘एवढी जागा कुठून आणायची, थोडा चढा करू.’ तिथे मागे हटू नका. चढा रॅम्प धोकादायक असतो. व्हीलचेअर मागे उलटते, उतरताना हातांनी आवरत नाही, आणि कुबड्यांवाल्याला त्यापेक्षा पायऱ्या बऱ्या वाटतात. जागा कमी असेल तर रॅम्प भिंतीला समांतर न्या किंवा मध्ये सपाट टप्पा देऊन वळवा. टप्पा किमान दीड मीटर लांब-रुंद हवा. जागा असेल तर १:१५ किंवा १:२० करा, म्हाताऱ्या माणसांना तो फार सुखाचा पडतो.

रुंदी किमान १२० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना कठडे, आणि प्रत्येक कठड्याला दोन दांड्या : एक साधारण ९० सेंटिमीटरवर, दुसरी त्याखाली ७५ च्या आसपास. खालची दांडी मुलांना आणि बुटक्या माणसांना लागते. दांडी गोल आणि मुठीत मावणारी असावी, आणि उतार संपल्यावरही फूटभर पुढे जावी. चाक कडेवरून घसरू नये म्हणून दोन्ही कडांना छोटी वरवंडी घाला.

पृष्ठभागाबद्दल ठेकेदाराचे ऐकू नका. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा चकचकीत लादी पहिल्या पावसात घसरगुंडी होते. खरखरीत कोबा किंवा घासून चकाकी न आणलेली फरशी पुरेशी आहे, आणि स्वस्तही. कोकणात, घाटमाथ्यावर रॅम्पवर पत्रा किंवा छत घालाच, नाहीतर जुलैपर्यंत शेवाळ धरते. पाणी बाजूला जाईल असा किंचित ढाळ द्या, पण आडवा ढाळ जास्त झाला तर व्हीलचेअर एका बाजूला ओढली जाते.

पायऱ्या काढून टाकू नका. पार्किन्सन झालेल्या किंवा कॅलिपर लावणाऱ्या काही जणांना उतारापेक्षा पायऱ्या सोप्या जातात. प्रत्येक पायरीच्या कडेला ५ सेंटिमीटरची ठळक वेगळ्या रंगाची पट्टी मारा. एक डबा रंग आणि एक दुपार, पण कमी दिसणाऱ्या माणसाला त्याने फार फरक पडतो.

रॅम्प मुख्य दारालाच जोडा. मागच्या बाजूने, कचराकुंडीजवळून, शिपायाकडून कुलूप काढून घेऊन जायचा रॅम्प मला मान्य नाही. कागदोपत्री नियम पाळल्यासारखा दिसतो, पण माणसाला त्याची जागा मागच्या दारी आहे असे सांगतो. सगळ्यांचे दार एकच असावे.

अंध व्यक्तींना पायाने किंवा काठीने वाट कळावी म्हणून ठिपक्यांच्या आणि रेघांच्या पिवळ्या फरश्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ साली तयार केल्या. रेघा म्हणजे ‘या दिशेने चाला’, ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी बदलते आहे’. गवंडी त्या नुसत्या शोभेच्या म्हणून बसवतात. रेघांची वाट थेट खांबावर जाऊन आदळते असे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिले आहे. बसवताना काठी वापरणारी व्यक्ती समोर हवी. लहान वाचनालयात रस्त्यापासून देवघेवीपर्यंत एक सरळ वाट आणि पायऱ्या-रॅम्पच्या तोंडाशी ठिपके, एवढे पुरते.

५. वाचनालय वरच्या मजल्यावर असेल तर

लिफ्ट बसवता आली तर उत्तम. दार ९० सेंटिमीटर, बटणे बसलेल्या माणसाच्या हाताला येतील अशी, ब्रेल आणि उठावदार आकडे, मजला मराठीत सांगणारा आवाज, आणि वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी बॅटरी यंत्रणा. भारनियमनाच्या गावात ही शेवटची गोष्ट वगळू नका.

पण बहुतेक संस्थांना लिफ्ट परवडत नाही, आणि देखभालीचा खर्च तर दरवर्षीचा. मग एक गाळा परत घ्या. भाडे बुडते, मान्य, आणि सर्वसाधारण सभेत यावर कडाक्याची चर्चा होते. पण तळमजल्यावर देवघेव, वर्तमानपत्रे, चार टेबले आणि सर्वाधिक मागणीची पुस्तके आली की वाचनालय रस्त्यावरून दिसू लागते. वरच्या मजल्यावर जुने संदर्भग्रंथ आणि साठा ठेवा. तिथले पुस्तक हवे असेल तर कर्मचारी खाली आणून देईल, सगळ्याच सभासदांसाठी.

घरपोच पुस्तकांची सेवा चांगली आहे, जरूर सुरू करा. पण ती इमारतीच्या बदल्यात देऊ नका. लोक पुस्तकासाठी येतात तसे माणसांसाठीही येतात.

६. आतली मांडणी

दोन रॅकमध्ये किमान ९० सेंटिमीटर अंतर, शक्य असेल तर १२०. प्रत्येक ओळीच्या टोकाला दीड मीटरचे मोकळे वर्तुळ, म्हणजे चाकाची खुर्ची वळते. बसलेल्या माणसाचा हात साधारण ४० ते १२० सेंटिमीटर उंचीपर्यंत पोहोचतो. जास्त मागणीची पुस्तके या पट्ट्यात ठेवा, कपाटांच्या माथ्यावर कमी हलणारे खंड. त्यासाठी एखादा रॅक कमी करावा लागेल. आधी फाटकी, बाद करण्याजोगी पुस्तके रीतसर बाद करा, जागा निघते.

टेबलाखाली गुडघे जायला ७० सेंटिमीटर मोकळी उंची हवी. खण आणि आडव्या पट्ट्या असलेली जुनी लाकडी टेबले यात आडवी येतात. एखाद्या टेबलाची आडवी पट्टी सुतार मागे सरकवून देतो. वर्तमानपत्रे उभ्याने वाचायच्या तिरक्या स्टँडवर असतील तर एक-दोन अंक टेबलावरही ठेवा. हातांच्या खुर्च्या काही हव्यातच, कारण म्हाताऱ्या माणसाला उठताना हात टेकायला लागतो.

आता चपला. अनेक वाचनालयांत चपला बाहेर काढायचा नियम आहे. त्यातून दोन अडचणी होतात. दारातला चपलांचा ढीग काठीवाल्याला आणि वॉकरवाल्याला अडखळवतो. आणि कॅलिपर किंवा खास बूट वापरणाऱ्याला ते काढून चालताच येत नाही; वर शिपाई सगळ्यांसमोर हटकतो. नियम मोडायची गरज नाही. दाराच्या बाजूला बसायला बाक आणि चपलांचे रॅक ठेवा, वाट मोकळी राहू द्या, आणि ‘ज्यांना बूट आवश्यक आहेत त्यांनी ते घालून यावे’ असे फलकावर लिहा. व्हीलचेअरची चाके पुसायला पायपुसणे पुरते.

पाट्या मोठ्या, गडद अक्षरांच्या, फिक्या पार्श्वभूमीवर, चकाकी नसलेल्या. अलंकारिक अक्षरे नकोत, मराठीत वेलांट्या आणि रफार आधीच बारीक असतात. प्रत्येक पाटीवर एक साधे चित्र द्या. वाचनाची अडचण असलेल्या मुलांनाही ते लागते.

७. शौचालय

सगळ्यांत दुर्लक्षित जागा. बऱ्याच ठिकाणी ‘दिव्यांग शौचालय’ अशी पाटी असते आणि आत जुनी वर्तमानपत्रे आणि मोडकी खुर्ची असते.

नवे बांधत असाल तर २ मीटर गुणिले २.२ मीटर जागा धरा. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार अडते. बैठकीची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर. तिच्या एका बाजूला व्हीलचेअर लावता येईल एवढी मोकळी जागा. आधारदांड्या बैठकीपासून साधारण २० सेंटिमीटर वर. आणि ही गोष्ट अधोरेखित करून सांगते, दांडीला अख्ख्या माणसाचे वजन पेलायचे आहे. अर्ध्या विटेच्या भिंतीत प्लास्टिकच्या गुल्ल्यांवर बसवलेली दांडी उखडते. भिंत आधी भक्कम करून घ्या आणि बसवल्यावर दोघांनी लटकून पाहा. पाण्याचा फवारा, नळ, कडी हे सगळे बसल्या जागी हाताला यावे. कडी अशी हवी की मूठ वळवता न येणाऱ्यालाही लागेल.

८. वाचायचे काय आणि कसे

रॅम्पवरून आत आलेल्या अंध वाचकासाठी आत वाचण्यासारखे काहीच नसेल, तर वाट इथे तुटते. आणि गंमत नव्हे, खरोखरच हे काम बांधकामापेक्षा स्वस्त आहे.

एका साध्या संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली) घाला; तो मराठी वाचतो. अ‍ॅण्ड्रॉइड मोबाइलमधला टॉकबॅकही मराठी बोलतो. हेडफोन द्या, म्हणजे शांततेच्या नियमाचा प्रश्न उरत नाही. कर्मचाऱ्यांपैकी निदान एकाला हे सुरू करता यायला हवे, नाहीतर संगणक कापडाखाली झाकलेला राहतो.

मराठीतली खास अडचण फॉण्टची आहे. जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्याला देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा गोंधळ असतो आणि स्क्रीनरीडर तेच वाचतो. म्हणून वाचनालयाची ग्रंथसूची, सूचना, अहवाल, सगळे युनिकोडमध्येच करा. जुन्या फाइली रूपांतरित करून घ्या. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसते छायाचित्र, ती बोलत नाही.

पुस्तक स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने, मजकूर काढता येतो, गुगल ड्राइव्हमध्येही मराठीसाठी ही सोय आहे. नव्या छपाईला निकाल चांगला येतो. खिळ्यांच्या जुन्या छपाईत जोडाक्षरे आणि रफार चुकतात, ते स्वयंसेवकांनी तपासावे लागतात. कॉपीराइटची भीती बाळगू नका : २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कलम ५२ (१) (झेडबी) खाली दिव्यांग व्यक्तींसाठी, नफा न कमावता, सुगम प्रत करता येते. अट एवढीच की ती प्रत त्यांच्यापुरतीच राहावी. गावभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली तर ते उल्लंघन आहे. दृष्टिबाधितांसाठी सुगम प्रती मिळाव्यात म्हणून २०१३ साली झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

आधीच तयार असलेली पुस्तके ‘सुगम्य पुस्तकालय’ या २०१६ पासूनच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. नोंदणीला दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, ती करायला वाचकाला मदत करा. ब्रेल आणि बोलक्या पुस्तकांसाठी मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र यांच्याकडे चौकशी करा.

आणि वाचून दाखवणारी माणसे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या अंध मुलामुलींना याची फार गरज असते. आठवड्यातले ठरावीक तास एक खोली द्या, स्वयंसेवकांची यादी करा, वेळ पाळायची शिस्त लावा. निवृत्त शिक्षक हे काम मनापासून करतात.

मोठ्या अक्षरातली पुस्तके मराठीत बाजारात कमीच आहेत. भिंगे आणि भिंगाचे दिवे ठेवा. स्वतः काही छापत असाल तर अक्षर १८ पॉइंट आणि ओळींमध्ये भरपूर अंतर द्या, कारण आपल्या मात्रा वर आणि उकार खाली जातात.

९. व्याख्याने आणि कार्यक्रम

ध्वनिक्षेपक चालू असेल तर वक्त्याने तो वापरायचाच. ‘माझा आवाज मोठा आहे’ हे ऐकू कमी येणाऱ्याला उपयोगाचे नाही. श्रोत्यांचे प्रश्नही माइकवरच. वक्त्याच्या मागे खिडकी नको, चेहऱ्यावर उजेड हवा, कारण काही जण ओठांवरून समजून घेतात. सांकेतिक भाषेचे दुभाषी आणायचे असतील तर बरेच दिवस आधी ठरवा, मानधन द्या आणि भाषणाचा मजकूर आधी पाठवा. दुभाषी मिळाले नाहीत तर बोललेले लिहून दाखवणारे मोबाइल अ‍ॅप मराठीतही चालते, पडद्यावर दाखवा. नावे चुकतात, तरी काहीच नसण्यापेक्षा बरे.

व्हीलचेअरसाठी जागा शेवटच्या रांगेत एकटी सोडू नका. मधल्या रांगेतली एखादी खुर्ची काढा, म्हणजे माणूस आपल्या माणसांसोबत बसतो. आणि व्यासपीठालाही उतार हवा. वक्ता किंवा सत्कारमूर्ती व्हीलचेअरवर असू शकते, याची आठवण फार कमी जणांना होते.

१०. निधी आणि कागदपत्रे

ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांना स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी ठेवावा लागतो. तिथे पहिला अर्ज करा. अनेक ठिकाणी आर्थिक वर्ष संपताना हा निधी कुठे खर्चावा याची धावपळ असते, तुमचा प्रस्ताव आधीच तयार असला तर काम होते. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी, तसेच राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना यांसाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटा. त्या वर्षाचे निकष त्यांच्याकडे मिळतात.

फाइलमध्ये हे तयार ठेवा :

- संस्थेचे आणि सार्वजनिक न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र
- शासनमान्यतेचे आणि वर्गाचे (अ, ब, क, ड) पत्र
- मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
- मिळकत पत्रिका किंवा सातबारा. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती
- इमारतीचा मंजूर नकाशा
- कार्यकारिणीचा ठराव
- इंजिनियरचे अंदाजपत्रक आणि मापांसह आराखडा
- आत्ताच्या अडथळ्यांचे फोटो आणि सोबत चाललेल्या व्यक्तींचे लेखी म्हणणे

शेवटची बाब कोणी मागत नाही, पण जोडा. फाइल पाहणाऱ्यावर तिचाच परिणाम सर्वांत जास्त होतो.

रॅम्प सार्वजनिक रस्त्यावर येत असेल तर नगरपालिकेच्या परवानगीशिवाय हात लावू नका. अतिक्रमण म्हणून पाडला गेला तर पैसेही जातात आणि पुढच्या वेळी सभाही साथ देत नाही.

बिलाचा शेवटचा हप्ता राखून ठेवा. काम संपले असे ठेकेदार म्हणेल तेव्हा पहिल्या पायरीतल्या त्याच माणसांना बोलवा, तीच वाट पुन्हा चालू द्या, मगच पैसे द्या.

११. वापरात ठेवा

रॅम्पवर मोटरसायकली लागतात. ‘वाहने लावू नयेत’ या पाटीचा उपयोग होत नाही; तोंडाशी खांब रोवा, पण दोन खांबांत किमान ९० सेंटिमीटर मोकळे ठेवा, नाहीतर व्हीलचेअरही अडते. कार्यक्रमाचे फ्लेक्स, पाण्याचे पिंप, दिवाळी अंकांचे स्टँड वाटेत येणार नाहीत हे पाहायची जबाबदारी एका कर्मचाऱ्याच्या नावावर लिहा.

कर्मचाऱ्यांना तीन गोष्टी शिकवा. मदत करण्याआधी विचारा. सोबत आलेल्या नातेवाइकाशी न बोलता त्या व्यक्तीशीच बोला. अंध व्यक्तीचा हात ओढू नका, आपला कोपर तिला धरू द्या.

सभासदत्वाचा अर्जही एकदा वाचून पाहा. सहीच्या जागी अंगठा चालतो का, ओळखीसाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) चालते का, जामीनदार न मिळणाऱ्याचे काय, हे नियमात लिहून टाका. प्रत्येक वेळी ग्रंथपालाच्या मर्जीवर सोडू नका.

आणि हे सगळे झाल्याचे गावाला कळवा. जे वर्षानुवर्षे बाहेर राहिले ते आपणहून पुन्हा येऊन पाहत नाहीत. दर्शनी फलकावर, स्थानिक वर्तमानपत्रात, अपंग संघटनांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत सांगा : मुख्य दाराला रॅम्प आहे, शौचालय कुलूपबंद नाही, बोलणारा संगणक आहे, अमुक वारी वाचून दाखवणारे भेटतात. सोबत वाचनालयाचा दूरध्वनी क्रमांक द्या, आणि तो उचलणाऱ्याला या चारही गोष्टी माहीत असू द्या.